तंदुरुस्तीला पेन्शन नसते

सेवा संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला मला जाग आली. गजर नव्हता, शिट्टी नव्हती. उठलो, तोंड धुतलं, बूट चढवले, नाड्या बांधल्या, त्यांची टोकं सवयीने आत खोचली आणि दाराशी येऊन उभा राहिलो. पुढे काय करायचं ते कळेना. आज कुठे पळायचं आणि किती, हा प्रश्न सतरा वर्षांत मला एकदाही पडला नव्हता. ते ठरवणारं कुणीतरी कायम होतं. दहाएक मिनिटांनी बूट काढले आणि पुन्हा अंथरुणावर पडलो. पुढची तीन वर्षं मी थोड्याफार फरकाने तसाच होतो.

लष्करातून बाहेर पडलेल्या माणसाबद्दल लोकांची एक पक्की समजूत असते. हा शिस्तीतला माणूस, याला व्यायामाचं कोण सांगणार? तोच माणूस दोन-तीन वर्षांत अंगाने सुटला, जिना चढताना त्याला धाप लागू लागली, की तितक्याच सहज निकाल लागतो: आळशी झाला, शिस्त विसरला. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत आणि त्या निरुपद्रवीही नाहीत. शिस्त गेली म्हटलं की दोष त्या एका माणसाच्या माथी बसतो आणि ज्या व्यवस्थेने त्याला वीस-वीस वर्षं पळवलं ती मोकळी होते. माझं म्हणणं असं आहे की लष्कर शरीर घडवून देतं, पण ते एकट्याने सांभाळायला शिकवत नाही. हे शिकवणं सेवेचाच शेवटचा टप्पा मानला पाहिजे, आणि त्याची जबाबदारी ज्याने भरती केलं त्याची आहे.

बराकीतली सकाळ डोळ्यांसमोर आणा. उठायची वेळ ठरलेली. मैदान हाकेच्या अंतरावर. कपडे रात्रीच काढून ठेवलेले. डावीकडे एक, उजवीकडे एक, मागे एक अशी माणसं, आणि त्यांतला एकही तुम्हाला मागे पडू देणार नाही. वेग पुढचा ठरवतो, किती डिप्स मारायच्या ते उस्ताद, म्हणजे आमचा प्रशिक्षक, मोजतो. ठरावीक महिन्यांनी चाचणी असते आणि तीत कमी पडणं परवडत नाही. या सगळ्याच्या मुळाशी एक कारण असतं: पाठीवर पिट्ठू घेऊन चढण चढायची आहे, वेळ आली तर जखमी साथीदाराला खांद्यावर घालून आणायचं आहे. यात माझी इच्छाशक्ती कुठे होती? होती, शेवटच्या शंभर मीटरमध्ये. तिथपर्यंत व्यवस्थेने मला आणून सोडलेलं असायचं. निवृत्तीच्या कागदावर सही झाली की वेळ, जागा, सोबत, चाचणी आणि कारण हे सगळं एकाच दिवशी जातं. मागे राहते ती भूक.

भूक हा शब्द मी शब्दशः वापरतो आहे. खडतर प्रशिक्षणातला सैनिक दिवसाला ३००० ते ४००० कॅलरी सहज खर्च करतो, कधी त्याहून जास्त. बसून काम करणाऱ्या त्याच उंचीच्या माणसाला त्याहून कितीतरी कमी पुरतात. काम कमी झालं की खाणं आपोआप कमी होईल असं आपल्याला वाटतं. १९५६ साली ज्याँ मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमधल्या एका ताग गिरणीतल्या कामगारांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. हलकं काम ते जड काम या टप्प्यात माणसं कामाच्या मानाने खात होती, पण अगदी बैठं काम करणारे मात्र हलकं काम करणाऱ्यांपेक्षा जास्त खात होते आणि त्यांची वजनंही जास्त होती. हालचाल एका पातळीखाली गेली की भुकेला अंदाजच राहत नाही. अमेरिकी सैनिकांचा २००१ पासून पाठपुरावा करणाऱ्या ‘मिलेनियम कोहॉर्ट’ अभ्यासातही सेवा सुटण्याच्या आगेमागे वजन सगळ्यात वेगाने वाढताना दिसलं. यातला ‘आगेमागे’ हा शब्द लक्षात ठेवावा. घसरण निवृत्तीच्या दिवसाची वाट पाहत नाही. घरी जायचं नक्की झालं की मन आधी सुटतं, आणि शरीर त्याच्या मागोमाग.

आमच्या लोकांची दुसरी एक समजूत याहून घातक आहे: आयुष्यभराचा व्यायाम करून झाला, आता ती पुंजी पुरेल. मी हे वाक्य इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं आहे, आणि स्वतःशीही म्हटलं आहे, की त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. राल्फ पॅफेनबर्गर यांनी हार्वर्ड विद्यापीठाच्या सुमारे १७,००० माजी विद्यार्थ्यांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. त्यांत कॉलेजच्या दिवसांत संघातून खेळलेले खेळाडू होते आणि मैदानाकडे कधी न फिरकलेलेही होते. जे खेळाडू पुढच्या आयुष्यात बसून राहिले, त्यांना जुन्या खेळाने हृदयविकारापासून संरक्षण दिलं नाही. ते मिळालं नंतरच्या वयात हालचाल चालू ठेवणाऱ्यांना, मग ते कॉलेजात खेळलेले असोत वा नसोत. पदकं आणि बढत्या नोंदीत राहतात. हृदयाच्या स्नायूला मात्र गेल्या काही आठवड्यांत आपण काय केलं एवढंच कळतं.

निवृत्तीनंतर मिळणारी कामंही यात भर घालतात. सुरक्षेची रात्रपाळी, गाडी चालवणं, कार्यालयातली खुर्ची, देखरेखीच्या कॅमेऱ्यांचे पडदे. लंडनच्या बसगाड्यांवर जेरेमी मॉरिस यांनी केलेला अभ्यास १९५३ साली आला, तो मला इथे नेहमी आठवतो. तीच सेवा, तीच गाडी, तेच रस्ते. चालक दिवसभर बसून आणि वाहक दुमजली बसचे जिने दिवसभर चढत-उतरत. वाहकांना हृदयविकार कमी होता, आणि झालाच तर तुलनेने सौम्य. मॉरिस तिथेच थांबले नाहीत. चालक मुळातच जाड असतील ही शंका स्वतःच काढून त्यांनी गणवेशाच्या पँटींच्या कमरेची मापं तपासली, आणि चालकांच्या कमरा खरंच मोठ्या निघाल्या. म्हणजे निष्कर्ष वाटला तितका सरळ नव्हता, पण पुढच्या अनेक अभ्यासांनी त्याचा गाभा टिकवला. गणवेशाच्या मापात माणसाच्या तब्येतीचा इतिहास असतो, हे आम्हा लोकांना कुणी वेगळं सांगायला नको.

तिसऱ्या वर्षी मला राग आला, स्वतःचाच. एका सकाळी ठरवलं की आज जुन्या चाचणीचं अंतर जुन्याच वेळेत पळायचं. गरम व्हायला दोन मिनिटंसुद्धा दिली नाहीत. पहिला टप्पा छान गेला. श्वास जड होता, पण पायांना लय आठवत होती. निम्मं अंतर झालं असेल, तेव्हा मागून कुणीतरी पोटरीवर दगड मारल्यासारखं वाटलं. चिडून मागे वळून पाहिलं. रस्ता रिकामा होता. पोटरीचा स्नायू फाटला होता. घरी यायला मला पाऊण तास लागला, भिंती आणि खांब धरत.

दवाखान्यात तपासून मला सांगितलं, “आता वय झालं, धावणं सोडा, आराम करा.” मी तेव्हा बेचाळीस वर्षांचा होतो. या सल्ल्याने माझे आणखी पाच महिने गेले, आणि मला त्याची चीड आजही आहे. पुढे एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला जिन्याच्या पायरीच्या कडेवर उभं केलं. टाचा हवेत, हात कठड्याला. दोन्ही पायांनी वर जायचं आणि दुखऱ्या पायावर भार टाकून अगदी सावकाश खाली यायचं, मनात पाच आकडे मोजत. पंधरा वेळा. पहिल्या दिवशी नववीलाच माझा पाय थरथरायला लागला. पाठीवर वजन घेऊन डोंगर चढलेला माणूस जिन्याच्या एका पायरीवर घामाघूम झाला होता. त्या बाई म्हणाल्या, “तुमचं मन अजून पंचविशीत आहे आणि पोटरी बेचाळिशीत. पोटरीचं ऐका.”

सैनिकाच्या बाबतीत हाच धोका सर्वांत मोठा आहे असं मला वाटतं. कधीच व्यायाम न केलेला माणूस भीत भीत सुरुवात करतो, म्हणून वाचतो. आम्हाला वेदना गिळायची सवय लावलेली असते. सेवेत ती गुण असते, पुढे तीच अंगावर येते. दम काही आठवड्यांत परत यायला लागतो, पण स्नायूबंधांना भार सोसायला तयार व्हायला महिने लागतात. या दोहोंमधल्या काळात जुना आकडा गाठायला जाणारा माणूस हमखास मोडतो. मोडला की पडतो, आणि पडला की ‘आता आपलं वय गेलं’ म्हणतो.

वय मात्र एवढं लवकर जात नाही. १९६६ साली अमेरिकेतल्या डॅलस शहरात विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे बिछान्यावर झोपवून ठेवलं होतं. त्यांची हृदय-फुफ्फुसांची क्षमता झपाट्याने घसरली. तीस वर्षांनी, १९९६ साली, त्याच पाच जणांना शोधून पुन्हा तपासलं. आता ते पन्नाशीचे, वजन वाढलेले. तरी वाढलेल्या तीस वर्षांनी त्यांची क्षमता जितकी उतरली होती, त्यापेक्षा त्या तीन आठवड्यांच्या पडून राहण्याने जास्त उतरली होती. मग सहा महिने हळूहळू वाढवत नेलेला चालण्याचा, पळण्याचा, सायकलचा व्यायाम दिला, तेव्हा वयाने गेलेली क्षमता भरून निघाली. माणसं फक्त पाच, त्यामुळे यावर फार मोठा डोलारा उभारू नये हे खरं. तरीही निवृत्त होणाऱ्या प्रत्येकाला ही हकीकत कुणीतरी सांगायला हवी.

आणि किती व्यायाम लागतो? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनात प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम, आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचं काम सांगितलं आहे. माजी सैनिकाला हा आकडा सांगा, तो हसेल. एवढं तर आम्ही एका दिवसात करायचो! या हसण्यातच घात आहे. रोज दोन तास जमत नाहीत म्हणून तो अर्धा तासही करत नाही. रॉबर्ट हिक्सन यांनी १९८०च्या दशकात केलेले प्रयोग आमच्यासाठी मुद्दाम केल्यासारखे आहेत. आठवड्याला सहा दिवस कसून सराव केलेल्या लोकांचा सराव त्यांनी दोन दिवसांवर आणला, पण त्या दोन दिवसांतला जोर कमी होऊ दिला नाही. पंधरा आठवडे क्षमता टिकून राहिली. जोर उतरवला तेव्हा मात्र ती घसरली. म्हणजे कमावलेलं राखायला कमावतानाइतकी मेहनत लागत नाही. निवृत्तीच्या पहिल्याच महिन्यात आठवड्याचे दोन-तीन दिवस धरून ठेवले असते तर माझी तीन वर्षं वाचली असती. हे मला माहीत नव्हतं, कारण सतरा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं; सांगायची गरजच कुणाला वाटली नव्हती.

सांध्यांबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण खरी अडचण बहुतेकांची तिथे असते. वर्षानुवर्षं ओझं घेऊन चालणं, उड्या, कठीण जमिनीवरचं धावणं यांची किंमत गुडघे, कंबर आणि घोटे देतात. अमेरिकी सैनिकांमध्ये सांध्यांची झीज त्याच वयाच्या सामान्य लोकांपेक्षा जास्त आढळली आहे आणि वयाबरोबर हा फरक वाढत जातो. म्हणून ‘पूर्वीसारखा व्यायाम करा’ हा उपदेश क्रूर आहे. पण ‘गुडघे गेले, आता बसा’ हा त्याहून क्रूर. झिजलेल्या गुडघ्यावर पहिला उपचार व्यायामच मानला जातो: मांडीची ताकद वाढवणं, वजन आटोक्यात ठेवणं, सायकल, पोहणं, चालणं. माझे एक जुने सोबती जिना आडवे होऊन उतरतात, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. चालणं दुखतं म्हणून चालत नाहीत, चालत नाहीत म्हणून मांड्या वाळल्या, मांड्या वाळल्या म्हणून आणखी दुखतं. यातून सुटायला त्यांना हवी आहे आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून उठ-बस करून घेणारी, कुठलं दुखणं चालवून घ्यायचं आणि कुठल्या दुखण्याला थांबायचं हे सांगणारी एक जाणती व्यक्ती. निवृत्त स्त्री सैनिकांचं तर कुणी विचारतही नाही. पुरुषांच्या बांध्यावर बेतलेली ओझी त्यांनीही वाहिली, बाळंतपणं काढली, आणि नंतर त्यांच्या ओटीपोटाच्या स्नायूंसाठी कुठला व्यायाम हवा हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

आता जबाबदारीचा मुद्दा. माझ्या निवृत्तीआधी मला बरंच काही शिकवलं गेलं. अर्ज कसा लिहायचा, मुलाखतीत कसं बोलायचं, पैसे कुठे गुंतवायचे. वैद्यकीय तपासणीही कसून झाली. पण ती काय बिघडलं आहे हे मोजण्यासाठी. काय शाबूत आहे आणि ते कसं शाबूत ठेवायचं, याचा त्या कागदांत रकानाच नव्हता. मला वाटतं, सेवेच्या शेवटच्या वर्षात प्रत्येकाचा व्यायाम टप्प्याटप्प्याने त्याच्या स्वतःच्या हाती द्यावा. आधी आठवड्यातला एक दिवस, मग तीन, शेवटी सगळे. स्वतः आखायचं, स्वतः नोंद ठेवायची, चुकायचं, आणि चूक दुरुस्त करायला उस्ताद जवळ असतानाच चुकायचं. एकट्याने, साधनांशिवाय, लहानशा जागेत काय करता येतं हेही तेव्हाच शिकवावं. लष्करांना हे जमत नाही असं नाही. १९५० च्या दशकात कॅनडाच्या हवाई दलाने दूरच्या, व्यायामशाळा नसलेल्या तळांवरच्या वैमानिकांसाठी दिवसाला अवघ्या अकरा मिनिटांचा, पाच व्यायामांचा क्रम बिल ऑर्बन यांच्याकडून बसवून घेतला होता. वैमानिकासाठी जे सुचलं, ते घरी जाणाऱ्या माणसासाठी का सुचू नये?

निवृत्तीनंतरही दार उघडं ठेवता येतं. अमेरिकेत माजी सैनिकांच्या आरोग्यव्यवस्थेत १९८६ साली डरहॅम इथे ‘जेरोफिट’ नावाचा उपक्रम वयस्कर माजी सैनिकांसाठी सुरू झाला. देखरेखीखाली, प्रत्येकाच्या कुवतीप्रमाणे व्यायाम. पुढे तो इतर अनेक केंद्रांत पसरला. त्याहून जुनं आणि मला जास्त हलवणारं उदाहरण लुडविग गुटमन या डॉक्टरांचं. दुसऱ्या महायुद्धात कण्याला इजा झालेले सैनिक त्या काळी जगतील अशी फारशी आशा कुणाला नसे. इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात गुटमननी त्यांच्या हाती चेंडू दिला, धनुष्य दिलं. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, तिथे चाकाच्या खुर्चीवरच्या सोळा जणांची धनुर्विद्येची स्पर्धा झाली. आजचं पॅरालिम्पिक त्या रोपाचं झाड आहे. ज्यांचे पाय गेले त्यांना शरीर परत मिळवून द्यायची कल्पना तेव्हा करता आली, तर ज्यांचे पाय शाबूत आहेत त्यांना आपण निव्वळ दुर्लक्षाने का गमवावं?

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. बैठ्या आयुष्याने इतर लोकही आजारी पडतात, मग सार्वजनिक पैसा माजी सैनिकांवर वेगळा का खर्चावा? प्रौढ माणसाने आपली काळजी आपण घ्यावी. मला यावर दोन गोष्टी म्हणायच्या आहेत. एक, इतरांचं शरीर कुणी कामासाठी मागून घेतलेलं नसतं. आमचं अठराव्या-विसाव्या वर्षी मोजून-मापून घेतलं, हव्या त्या आकाराला आणलं, त्याचे सांधे वापरले आणि त्याच्या सवयी पूर्णपणे आपल्या ताब्यात ठेवल्या. घेतलेली वस्तू परत देताना ती कशी वापरायची ते सांगणं हा उपकार नाही. दुसरी गोष्ट हिशेबाची. जिथे माजी सैनिकांच्या उपचारांचा खर्च सरकार उचलतं, तिथे साखर, रक्तदाब आणि गुडघ्यांच्या शस्त्रक्रियांचं बिल शेवटी त्याच तिजोरीतून जातं. एका प्रशिक्षकाचा पगार त्यापुढे काहीच नाही. तरीही या आक्षेपातला एक भाग मी मान्य करतो. शिकवल्यावर करायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं. ‘मी फौजी आहे’ या वाक्याआड लपणारे खूप आहेत. त्या वाक्याने रक्तातली साखर उतरत नाही.

सोबतीचा मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण माझी गाडी रुळावर आली ती सोबतीने. व्यायामाने झोप सुधारते, मन हलकं होतं, हे सगळं आहेच. पण निवृत्तीनंतर मला सर्वांत जास्त बोचलं ते हे की मी आलो नाही तर कुणाच्या लक्षात येत नव्हतं. आता आम्ही नऊ जण आठवड्यातून तीनदा एका मैदानावर जमतो. दोघांना धावता येत नाही, एकाला डावा हात खांद्याच्या वर नेता येत नाही, जिना आडवे उतरणारे ते सोबतीही येतात. कुणी आलं नाही तर सहाच्या आत त्याला फोन जातो. जुन्या चाचणीचे आकडे बोलायचे नाहीत असं ठरलेलं आहे. प्रत्येक वेळी वेगळा माणूस सगळ्यांचा व्यायाम आखतो, आणि कुणाचं काय दुखतं हे त्याला आधी विचारून घ्यावं लागतं.

गेल्या महिन्यात एक नवा आला. सेवा सुटून अकरा दिवस झाले होते. वेळेच्या दहा मिनिटं आधी हजर, नाड्यांची टोकं आत खोचलेली, थोडा बाजूला, ताठ उभा. सगळे जमल्यावर त्याने विचारलं, “आज काय करायचं?”

आम्ही म्हटलं, “आज तुम्ही सांगा.”

तो बराच वेळ गप्प राहिला. एकेकाकडे पाहत त्याची नजर आडवे उतरणाऱ्या सोबत्यांच्या गुडघ्यावर थांबली. मग त्यांच्याजवळ जाऊन त्याने विचारलं, “तुम्हाला काय काय जमतं?”